पंप ८१७ सापडत नाही

सोमवार, ३ मार्च

बैठकीत चौसष्ट मिनिटं रंगावर! घड्याळ लावून मोजली. मुख्य पानावरच्या चौकोनांचा निळा फिकट हवा की गडद, यावर चौसष्ट मिनिटं. माझ्या तक्त्याला चार.

तक्ता साधा होता. गेल्या महिन्यात आमच्या सरकारी पोर्टलवर लोकांनी ३८,२०० वेळा काहीतरी शोधलं. त्यातल्या १७,६०० वेळा उत्तर गेलं – शून्य निकाल. सगळ्या खात्यांचे मिळून ११,४८२ माहितीसंच जनतेसाठी खुले केलेत म्हणून आपण छाती फुगवून सांगतो, आणि जवळपास निम्म्या लोकांना हात हलवत परत पाठवतो.

साहेब म्हणाले, "लोकांना काय शोधायचं तेच कळत नसतं हो."

मी म्हटलं, लोक 'खड्डे' असं लिहितात. आपल्या संचाचं नाव 'रस्ता पृष्ठभाग दोष नोंद, जोडपत्र ७ सुधारित' असं आहे. मग कळत कुणाला नाही?

मग चकचकीत बोलला. (रंगांसाठी बाहेरून आणलेला सल्लागार. बुटात तोंड दिसतं. हे नाव मी ठेवलंय, फक्त इथे.) "पण मॅडम, पान उघडल्यावर फील कसा येतो ते महत्त्वाचं."

फील!

माझी दुसरी मागणी. काही सापडलं नाही की आमच्या पानावर येतं: 'आपण शोधत असलेली माहिती अस्तित्वात नाही.' हे खोटं आहे. अस्तित्वात आहे की नाही हे सर्चला कळत नाही. फार तर 'आम्हाला सापडली नाही' म्हणता येईल. साहेब म्हणाले, "ते वाक्य समितीने मंजूर केलंय." म्हणजे संपलं. समितीने मंजूर केलं की खोटंही खरं.

इतका राग आला की पेनाचं टोपण चावून तोडलं. नंतर लक्षात आलं, पेन शेजारच्या बाईंचं होतं.

मंगळवार, ४ मार्च

लॉग वाचला. लोकांनी टाइप केलेलं जसंच्या तसं:

डास. गळका नळ कुणाकडे. शाळेची बस किती वाजता. बाबा कुठल्या खाणीत होते.

उत्तर चारही वेळा तेच. अस्तित्वात नाही. बाबासुद्धा.

आणि एक माणूस आहे. रोज सकाळी आठ दहाला, सलग नऊ कामाचे दिवस: 'पंप ८१७ पाणी'. मग 'पंप ८१७ पाणी तपासणी'. मग 'हँडपंप ८१७ रिपोर्ट'. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. नऊ दिवस तेच दार ठोठावणारं माणूस एक तर वेडं असतं, नाहीतर त्याचं घोडं खरंच कुठेतरी अडलेलं असतं.

बुधवार, ५ मार्च

सापडलं ते माणूस. आमच्या पानाच्या तळाशी 'अभिप्राय' अशी एक चौकट आहे. त्यात आलेलं कुणी वाचत नाही. गेल्या वर्षीचे नऊशे अभिप्राय न उघडलेले. आज उघडले. त्यात एक लांबलचक वाक्य, पूर्णविराम नाही, पंप ८१७ आणि खाली फोन नंबर.

फोन लावला. एका छोट्या दवाखान्यातली नर्स. आवाज जाड, घाईचा. मागे कुणाचं तरी मूल रडत होतं.

"पोर्टलवाल्या का तुम्ही? माणूस आहात ना, की रेकॉर्ड केलेलं?"

माणूस आहे, म्हटलं.

"मग ऐका."

तिच्या हद्दीत पाण्याच्या टाकीमागे एक वस्ती आहे. जवळ एकच हँडपंप, अंगावर पांढऱ्या रंगात ८१७. दोन महिन्यांत तिथली तीन तान्ही बाळं निळी पडली. ओठ, नखं. तिन्ही बाटलीच्या दुधावर, पावडर पंपाच्या पाण्यात कालवलेली. मोठ्या इस्पितळात वाचली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं? पाण्यात नायट्रेट जास्त असलं की तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. मोठ्यांना काहीच होत नाही. म्हणून कुणाला संशयही येत नाही.

"आणि मी काय सांगत होते त्या पोरींना? उकळून घ्या, उकळून घ्या! उकळलं की ते उलट वाढतं म्हणे. मीच सांगत होते हो!"

मी लिहून घेत राहिले.

पंप बंद करायचा तर नगर कार्यालयाला तपासणीचा कागद हवा. नवी तपासणी मागवली तर आठ आठवडे. पण चार वर्षांपूर्वी तपासणी झालेली आहे! बाटल्या भरून नेणाऱ्या दोघांना हिने स्वतः चहा पाजला होता. "तुमचं पोर्टल म्हणतं अस्तित्वात नाही. मग मी चहा पाजला ती काय भुतं होती?"

त्याच वस्तीत आता चौथं बाळ आहे. आज बारा दिवसांचं. आईला दूध येत नाही. नर्स रोज आपल्या घरून पाच लिटरचा कॅन भरून तिच्यापर्यंत नेते. चढावर आहे वस्ती. "रोज जमेलच असं नाही मॅडम. मलाही गुडघे दोनच दिलेत."

गुरुवार, ६ मार्च

शोधलं. सर्चने नाही – हाताने, एकेक कप्पा उघडत, बाहेरचं माणूस शोधेल तसं. आमची मांडणी खात्यांनुसार आहे. पाणी म्हणून पाणीपुरवठा उघडलं. नाही. आरोग्य. नाही. नगरविकास. नाही. दोन तास! मी तीन वर्षं या पोर्टलवर काम करते. मला दोन तासांत मिळत नाही, आणि लोकांना म्हणे कळत नाही.

बाई शेजारच्या टेबलावर असतात. वीस वर्षं ग्रंथपाल होत्या. ग्रंथालय बंद केल्यावर त्यांना इथे नोंदी चढवायला पाठवलं. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात. मान न वळवता म्हणाल्या, "खनिजात बघ."

"पाणी? खनिजात?"

"प्रयोगशाळा खनिज खात्याची ना. पाणी कुणाचंही असो, बाटली तिकडेच जाते."

हे कुठल्या पानावर लिहिलंय? कुठेच नाही. बाईंच्या डोक्यात आहे. उद्या बाईंना ताप आला तर पाणी खनिजात असतं हे जगात कुणाला कळणार नाही.

खनिज उघडलं. यादीत २१२ संच. पंपांचं काही नाही. मग मूळ साठ्यात जाऊन मोजले. ३७१.

परत मोजले. ३७१.

एकशे एकोणसाठ संच आमच्याकडे आहेत आणि लोकांना दिसत नाहीत. ना यादीत, ना सर्चमध्ये. हे आपोआप होत नाही. कुणीतरी केलंय!

तळपायाची आग मस्तकात गेली. सावरून उठले, पाणी प्यायले. कार्यालयात पाणी मोठ्या सीलबंद बाटलीतून येतं. तपासलेलं.

शुक्रवार, ७ मार्च

चकचकीतला जिन्यात गाठलं. संच कुणी लपवले? खांदे उडवून म्हणाला, "मी फक्त चौकोन करतो मॅडम. चौकोनात काय येतं ते तुमच्याकडून येतं."

खोटारडा. गेल्या महिन्यात त्याच्या माणसांना आत प्रवेश दिला होता. 'यादी कशी स्वच्छ दिसली पाहिजे' हे पालुपद दर बैठकीत त्याचंच. पुरावा काढते.

शनिवार, ८ मार्च

घरी. आईच्या डब्यांवरून वाजलं.

स्वयंपाकघरात अकरा डबे आहेत. नोकरी लागली तेव्हा मी सगळ्यांवर छापील लेबलं चिकटवली होती, एका उंचीवर, फूटपट्टी धरून. तीन वर्षांत आईने आतलं सगळं फिरवलं. लेबलं जागच्या जागी. 'साखर'मध्ये चहा. 'मीठ'मध्ये साखर. 'चहा'मध्ये बटणं.

"लेबलं बदल ना गं."

"कशाला? मला माहितेय की."

"आणि तू नसलीस तर?"

"मी कुठे चाललेय?"

"आत जे आहे ते बाहेर लिहावं, एवढं साधं आहे, आई!" माझा आवाज चढला. आईने हातातल्या डब्याचं झाकण लावलं. "बिनसलंय का काही?" नाही, म्हटलं. घरी कामाचं काढायचं नाही हा माझा नियम.

दादाचा फोन. त्याचा नेहमीचा विनोद: "तुमच्या सर्चला विचार ना, माझी छत्री कुठंय." तीन वर्षं झाली त्या छत्रीला. आज हसले नाही. "बरं बाई, नको शोधूस," म्हणाला.

सोमवार, १० मार्च

मिळाला!! यादीचा नाद सोडून थेट मूळ साठ्यातून काढला. संचाचं नाव – 'नवीन फाइल ३ अंतिम'. वर्णन रिकामं. संपर्क रिकामा. आत हँडपंपांच्या तपासण्या, चार वर्षांपूर्वीच्या, प्रत्येकीला प्रयोगशाळेचा अहवाल क्रमांक. एकूण ४६० ओळी. ओळ ४०९: पंप ८१७. नायट्रेट ११८.

मर्यादा ४५ आहे.

अकरा वीसला नर्सला पाठवलं. अकरा पंचवीसला तिचा फोन. "एकशे अठरा म्हणजे?" अडीच पटीहून जास्त, म्हटलं. तिने एक शिवी दिली, ती लिहीत नाही. शिवी योग्य होती.

तीनला परत फोन. नगर कार्यालयातल्या कारकुनाने कागद हातातसुद्धा घेतला नाही. "ईमेलवर आलेला कागद कुणीही बनवेल. अधिकृत असेल तर पोर्टलवर दिसेल." मग तिच्यासमोर पोर्टल उघडलं, पंप ८१७ टाइप केलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

आपण शोधत असलेली माहिती अस्तित्वात नाही.

"तुमच्याच पाटीने मला खोटं पाडलं हो," ती म्हणाली. चिडून नव्हे. दमून. ते जास्त लागलं.

मंगळवार, ११ मार्च

साहेबांपुढे सगळं मांडलं. तीन बाळं, चौथं बाळ, ११८, खनिजातले १५९ संच. हा एक संच आज दिसता करू द्या. एक ओळीचं काम आहे.

"वीस तारखेला नव्या पानाचा शुभारंभ आहे. तोवर बदलबंदी. तुम्हालाही माहितेय."

"नऊ दिवस आहेत अजून."

"नऊच तर दिवस आहेत."

वर म्हणाले, "भावनेच्या भरात तांत्रिक निर्णय घ्यायचे नसतात." मला! मी सहा कागद क्रमांक घालून नेले होते, आणि भावना माझी! निळ्यावर चौसष्ट मिनिटं घालवली ती तांत्रिक होती काय?

बदलबंदीआधीच हा घोळ कुणी घालून ठेवला ते उद्या शोधते. बदलांच्या इतिहासात प्रत्येक ओळीपुढे नाव असतं. चकचकीतचं नाव लाल शाईने अधोरेखित करून साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे.

बुधवार, १२ मार्च

ती ओळ माझी आहे.

'दर्जागुण चाळीसहून कमी असलेले संच यादीत व सर्चमध्ये दाखवू नयेत.' लिहिणारी – मी. तीन वर्षांपूर्वी, नोकरीचा दुसरा महिना. शेजारी माझीच टीप: 'तात्पुरतं. कचरा वगळला. यादी स्वच्छ.'

आठवलं सगळं. संचाला नीट नाव असेल तर इतके गुण, वर्णन असेल तर इतके, संपर्क असेल तर इतके. 'नवीन फाइल ३ अंतिम'ला पस्तीस मिळतात. पाच गुणांनी नापास. खात्यांना पत्रं जायची होती – नोंदी सुधारा, म्हणजे तुमचे संच दिसू लागतील. पत्रं गेली नाहीत. मी कधी विचारलं नाही. प्रात्यक्षिकात यादी किती देखणी दिसली होती! साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्याचं प्रशस्तिपत्रक माझ्या खुर्चीमागे टांगलंय. तीन वर्षं मी त्याकडे पाठ करून बसलेय.

खनिजातलेच नाहीत. सगळे मिळून २,३१६. पाचातला एक.

तो शून्य निकालांचा तक्ता, जो मी मिटिंगमध्ये सगळ्यांच्या तोंडावर मारते – त्यातली किती शून्यं माझी आहेत?

गुरुवार, १३ मार्च

बाईंना सांगितलं. वाटलं, म्हणतील, जाऊ दे, नवीन होतीस.

बाई म्हणाल्या, "मला माहीत होतं."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"तेव्हाच सांगितलं होतं तुला. तुझ्या कानात ती गाण्याची बोंडं होती. तू मान डोलावलीस."

"मग परत का नाही सांगितलंत?"

"कचरा म्हणालीस ना. त्यातले कितीतरी मी हाताने चढवले होते. जे येईल ते नोंदवायचं, फेकायचं नाही – आयुष्यभर हेच केलं. आणि कालची पोर म्हणते कचरा. म्हटलं, कळेल तिला तिचं तिलाच." चष्मा काढून पदराने पुसला, बराच वेळ. "माझंही चुकलंच. रुसून बसायचं वय नव्हतं माझं."

मला रागवायचं होतं. कुणावर ते ठरेना.

शेवटी त्याच म्हणाल्या, "माझ्या पेनाचं टोपण कुठंय?"

शुक्रवार, १४ मार्च

घरूनच लॉग उघडला. आठ दहा झाले. शोध आला नाही.

आठ वीस. नाही. फोन केला. तिसऱ्यांदा उचलला. नर्स मोठ्या इस्पितळात होती. काल गुडघ्याने दगा दिला, कॅन नेता आला नाही. बाळाच्या आईने एक दिवस पंपाचं पाणी वापरलं. उकळून. पहाटे बाळाचे ओठ निळे. प्राणवायू लावलाय. "बघू," म्हणाली. फक्त "बघू".

ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

नऊ पाचला कार्यालयात पोचले. कुणाला विचारलं नाही. नऊ अकराला माझी ओळ काढून टाकली. कारणाच्या जागी लिहिलं: 'ही ओळ मी लिहिली होती. चूक होती.' खाली पूर्ण नाव. दोन हजार तीनशे सोळा संच चार मिनिटांत वर आले. 'नवीन फाइल ३ अंतिम'चं नाव बदलून ठेवलं: 'हँडपंपांच्या पाण्याची तपासणी'. पंपांचे नंबर सर्चला वाचू दिले. हात आत होताच, म्हणून ते वाक्यही बदललं – 'ही माहिती आम्हाला सापडली नाही.' समितीला न विचारता.

पंप ८१७ पाणी. १ निकाल.

दहा दिवस जे काम डोंगराएवढं वाटत होतं, त्याला एक तासही लागला नाही. हे लिहिताना दात आवळले जातायत. अकरा तारखेलाच का नाही केलं? परवानगी नव्हती म्हणून! मी परवानगीची वाट बघणारी बाई आहे हे मला माहीत नव्हतं.

सोमवार, १७ मार्च

आठ दहा: 'पंप ८१७ पाणी'. १ निकाल. उघडला.

दुपारी नर्सचा फोन. कारकुनाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, छापून घेतलं, शिक्का मारला. दोन वाजता माणसं येऊन पंपाचा दांडा काढून घेऊन गेली. बाळ? "गुलाबी! ओरडतंय नुसतं. फोनवर ऐकवू?" ऐकवलं. माझ्या कानाचे पडदे!

मंगळवार, १८ मार्च

'कारणे दाखवा' नोटीस. बदलबंदीचा भंग, मंजूर मजकुरात परस्पर फेरफार.

साहेबांनी बोलावून दार लावलं. "अहो, मी हे दाबू शकतो. तुम्ही ओळ परत घाला, वीसनंतर काढू. नाहीतर चौकशी होईल, आणि मूळ चूक कुणाची ते बाहेर येईल. तुमचंच नाव आहे त्यात."

"माहितेय. मीच लिहिलंय."

"प्रशस्तिपत्रक मी दिलं होतं त्याचं!"

आत्ता कळलं, साहेबांना घाम कशाने फुटला होता. बाळाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पहिल्या पानावर 'प्रत १ नवी नवी' नावाचा संच दिसतोय याचं मात्र दुःख झालं होतं.

उत्तर दिलं, दीड पानाचं. काय लपलं होतं, किती दिवस, कुणामुळे, कुणी पत्रं पाठवली नाहीत. माझं नाव पहिलं. मग बाहेर येऊन प्रशस्तिपत्रक खिळ्यावरून काढलं. मागे भिंतीवर पांढरा चौकोन. चकचकीतला दाखवायला हवा, छान रंग आहे.

बुधवार, १९ मार्च

बाईंनी पिशवीतून एक वही काढली. जाड, पुठ्ठ्याची. ग्रंथालयात लोक टेबलापाशी येऊन जे जे मागायचे ते वीस वर्षं त्यांनी तशाच शब्दांत लिहून ठेवलंय, आणि समोर ते कुठे सापडलं.

'घराला ओल येते त्याचं' – बांधकाम. 'पोराला झोपेत चालायची सवय' – मानसशास्त्र. 'हातपंप, बोअर, विहीर, नळ खराब' – खनिज!!

"ही वही आधी का नाही दाखवलीत?"

"कधी विचारलंस?"

नाही विचारलं. मी लॉग उपसत बसले, आणि उत्तरं तीन फुटांवर पिशवीत होती. दिवसभर बाई वाचत होत्या आणि मी चढवत होते. सहाशे चाळीस शब्द झाले. 'खड्डे' लिहिलं की आता खड्डे येतात. पाणी सात खात्यांतलं एकाच जागी दिसतं. कुठल्या खात्याचं ते बघणाऱ्याला माहीत असायची गरज नाही. मधेच बाई म्हणाल्या, "कानात घाल हवं तर ती बोंडं." टोमणा होता. लागला.

गुरुवार, २० मार्च

शुभारंभ. चौकोन निळे. (फिकट.) प्रमुख पाहुण्यांना साहेबांनी विनंती केली, कुठलाही शब्द टाइप करा. आधी ठरलेला शब्द 'प्रगती' होता. पाहुण्यांना घसा कोरडा पडला होता बहुतेक. त्यांनी 'पाणी' लिहिलं.

पहिला निकाल: हँडपंपांच्या पाण्याची तपासणी. त्यांनी उघडला, बोटाने खाली सरकत गेले. मर्यादेबाहेरचे आकडे मी कालच लाल केले होते.

"हे इतके लाल का आहेत?" पाहुण्यांनी विचारलं.

साहेब हसले. चकचकीत आपल्या बुटांकडे बघत होता. बाईंनी मागून मोठ्याने सांगितलं, "कारण ते पाणी पिण्याजोगं नाही."

चौकशी तरीही होणारच आहे. होऊ दे.

शुक्रवार, २१ मार्च

आठ दहा: 'पंप ८१८ पाणी'.

शून्य निकाल.

८१७ बंद झाल्यावर वस्ती दोन गल्ल्या पलीकडे ८१८ वर जाते. बाळाची आईसुद्धा. मी सगळं तपासलं – माझी कुठलीही ओळ आडवी येत नाही. मूळ साठा पाहिला. मग प्रयोगशाळेला फोन. "८१८? तो घेतलाच नव्हता. माणसं कमी होती. एकाआड एक पंप घेतले. विषम नंबरचे."

ओळ ४०९ मध्ये ८१७, म्हणजे मधले निम्मे नंबर नव्हतेच. मी स्वतःच्या हाताने लिहिलंय, दहा तारखेला. तेव्हाच दिसायला हवं होतं.

मला राग यायला हवा. येत नाहीये. सम नंबरचे चारशे साठ पंप, एकाचीही तपासणी नाही. समितीचं ते जुनं वाक्य त्यांच्याबाबत अक्षरशः खरं आहे. अस्तित्वात नाही.

सोमवारी रजा टाकलीय. प्रयोगशाळेत विचारलं, बाटली मी आणून दिली तर? "आणा की," म्हणाले, "कुणी आणतच नाही." आईला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. तिने काचेची बाटली धुतली, उपडी घातली आणि डब्यावरचं एक जुनं लेबल खरवडून काढलं. कोरी बाजू माझ्यापुढे धरली आणि पेन उघडून विचारलं,

"काय लिहू?"